उलटा उंबरा

झाशीतल्या आम्हा मराठी मंडळींची सगळी वाचनभूक 'उलटा उंबरा' या दोन शब्दांत भागते. ही एका विधवेच्या दुसऱ्या लग्नाची जुनी, गाजलेली कादंबरी. कुणा बाईनं मनासारखं काही करायचं म्हटलं, की लगेच कुणीतरी मान हलवतं, "झाला हिचा उलटा उंबरा." नोकरी धरली तरी तेच, केस कापले तरी तेच. मंडळाच्या पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं. ते पुस्तक कुणी नेत नाही. गजाननरावांनी तेवढं तीनदा नेलं, सही आहे त्यांची.

गजाननराव म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी आणि स्वतःच्या मते विद्वान. त्यांच्या धाकट्या भावाची विधवा कांचन बिजौलीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथल्याच सलीलशी तिला लग्न करायचं होतं, पण सासूच्या, कमळाकाकूंच्या आशीर्वादाशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती. काकू राजी होत आल्या, की हे गृहस्थ म्हणत, "आई, त्या कादंबरीत शेवटी ती विहिरीत जीव देते. मैंने तीन बार पढ़ी है." त्या विहिरीच्या धाकानं काकूंनी तीन वर्षं होकार दिला नाही. कांचनचे केस कानाशी पांढरे झाले. मला त्या माणसाची किळस यायला लागली.

परवा मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले.

"गजाननजी, ते विहिरीचं पान काकूंना जरा वाचून दाखवा."

त्यांनी ऐटीत चष्मा लावला. पहिली काही पानं उलटली आणि पुढे बोट शिरेना. छापखान्यातून आली तशी पुढची सगळी पानं कडेला जोडलेलीच होती, कुणी कधी कापलीच नव्हती.

"ये दूसरी कॉपी होगी," ते पुटपुटले. दुसरी प्रत कुठून येणार? आत चिकटवलेल्या कागदावर त्यांच्याच तीन सह्या होत्या. आणि मी तरी काय मोठी शहाणी, चाळीस वर्षं तोच शब्द लोकांच्या सुनांवर फेकत आले.

"काकू, सुरीनं कापते पानं," मी म्हटलं. "विहीर आहे की नाही, बघूच."

"राहू दे, मृदुला. विहीर असो नसो, यानं वाचलं नाही एवढं कळलं." काकूंनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या कांचनकडे पाहिलं. "सलीलला रविवारी जेवायला बोलाव. पाट गजानन मांडेल."