नेहमीप्रमाणे

आमच्या गोपालभाऊचा भाचा हेमराज ब्रह्मपुरीहून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. या भागात वाघाच्या बातम्या इतक्या, की त्याने एक वाक्य मोबाइलमध्ये तयारच ठेवलं होतं: ‘सदर महिला नेहमीप्रमाणे सरपण आणण्यासाठी जंगलात गेली असता दबा धरून बसलेल्या वाघाने हल्ला केला.’ नाव, वय, गाव बदललं की झालं. बाई खरंच नेहमी जात होती का, हे त्याने कधी कोणाला विचारलं नाही. मेलेली बाई तक्रार करायला थोडीच येते!

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आमच्या गावात नाटक होतं. नाटक म्हटलं की घराघरांत पाहुणे, न बोलावलेलेसुद्धा. हेमराज मित्रांना घेऊन आला आणि ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच ओरडला, “मामी, वडे पायजेत बरं! गॅसवरचे नाई, चुलीवरचे!”

गोपालभाऊची बायको भागीरथाबाई हसली. घरी गॅस आल्यापासून ती जंगलाकडे फिरकली नव्हती, आणि शेजारची बाई वाघाने नेल्यापासून तर जंगलाचं नावही काढत नसे. पण भाच्याचा शब्द कसा मोडायचा? डाळ भिजत घालून ती कोयता घेऊन निघाली. पाहुणे पत्ते खेळत होते.

दुपारी ती सापडली. नाटक रद्द झालं. हेमराज रडत होता, खरंच रडत होता. तेवढ्यात पेपरातून फोन आला, बातमी लगेच पाठव. त्याने डोळे पुसले, ते वाक्य काढलं, नाव टाकलं, वय टाकलं. त्यातला ‘नेहमीप्रमाणे’ त्याला दिसला होता. नजरचुकीने राहिला असता तर मी एवढा चिडलो नसतो. बरंच आहे, राहू दे, असं वाटलं त्याला.

राख सावडून आल्यावर आम्ही सगळे ओट्यावर बसलो. गोपालभाऊने पेपर हेमराजच्याच हाती दिला. “वाच बापू, मले चष्म्याशिवाय दिसत नाई.”

“सदर महिला...” हेमराज थांबला. मग एकदम पुढे गेला, “सरपण आणण्यासाठी...”

गोपालभाऊची लेक दिव्यानी दारात उभी होती. पेपर तिने सकाळीच वाचला होता. “एक शब्द सोडला तू, दादा. वाच.”

त्याने वाचला.

“नेहमी?” गोपालभाऊला राग नव्हता, नवल वाटलं होतं. “ते तर जातच नोती ना रे. तुले कोनं सांगतलं?”

आम्ही माना खाली घातल्या. आम्हालाच इतकी लाज वाटली, मग त्याचं काय झालं असेल!

“चुकलं, मामाजी. दुरुस्ती पाठवतो.” त्याने मोबाइलमध्ये तो शब्द खोडला, नवीन लिहिलं आणि दिव्यानीपुढे धरलं: ‘घरी आलेल्या पाहुण्यांसाठी सरपण आणण्यास गेली असता...’

दिव्यानीने वाचलं. “बातमीत तू नाव टाकतं. आईचं टाकलं, तिचं वय बी टाकलं. पाहुण्याचं काऊन नाई टाकलं?”

“राहू दे, बाई,” गोपालभाऊ म्हणाला. ती हलली नाही.

हेमराजने स्वतःचं नाव लिहिलं. मग मोबाइल तिच्या हातात द्यायला लागला. “तूच पाठव. माझ्यानं दाबल्या जात नाई.”

तिने हात मागे घेतले.

“थो शब्द पाठवतानी दाबल्या गेलं ना, दादा?”