लिअँडरची पात

"माझ्या गव्हात त्या बाईचं चाक शिरलं तर टायर फोडीन!" लिअँडर व्हरांड्यातून गरजला. डावा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये, आणि हातातली कुबडी बंदुकीसारखी रोखलेली.

"फोड की," हार्वेस्टरवरून डेल्फीन म्हणाली. "आधी पायऱ्या उतरून दाखव."

आणि तिने यंत्र गव्हात घातलं.

ओबरडॉर्फ म्हणजे कॅन्ससच्या माळावरची सात घरं, धान्याचं एक उंच कोठार आणि कुलूप घातलेलं चर्च. सरकारदरबारी हे गावच नाही. ना सरपंच, ना पोलीस, ना शिक्का. वारा तेवढा हक्काचा. तो दक्षिणेकडून सुटला की लिअँडरच्या शिव्या नेब्रास्कापर्यंत जात, आणि ऑक्टोबरात फिरला की तिकडून उत्तरं येत. कायद्याच्या जागी इथे रीत होती. मालक जायबंदी झाला की शेजाऱ्यांनी, हाडवैरी का असेनात, त्याचा गहू काढून द्यायचा. फक्त शेवटची एक पात, पिकाची अरुंद पट्टी, उभी ठेवायची. ती मालकाने कापायची. रविवारी दिवस बुडेपर्यंत ती उभीच राहिली, तर समजायचं गडी संपला. मग जमीन बांधाच्या शेजाऱ्याला खंडाने द्यायची.

बांधाला होती डेल्फीन. साठीची विधवा, आणि लिअँडरच्या जमिनीवर वीस वर्षं डोळा. तो पडला तोही तिच्याच पायी. कोठीच्या शिडीवरून तिला शिव्या घालत होता. एका हाताचे हातवारे पुरेनात म्हणून त्याने दुसराही सोडला.

शनिवारी शेत भुंडं झालं. रस्त्यापासून घरापर्यंत एकच पिवळी पात उभी. डेल्फीनने आणलेले कोबी-मांस भरलेले पाव सगळ्यांनी लिअँडरच्या अंगणात बसून खाल्ले. त्याला कोणी विचारलं नाही.

"कशाला जीव काढतोस?" कोठारावर वजनकाटा सांभाळणारा अल्विन म्हणाला. "जमीन दे तिला. भाचीकडे जा, टीव्ही बघ."

"तू बघ. तुझं आयुष्य बघण्यातच गेलंय."

रविवारी उजाडताच लिअँडर दातओठ खात आपल्या जुन्या हार्वेस्टरवर चढला. पण क्लच डाव्या पायाचा. त्याने कुबडीने क्लच दाबून पाहिला. कुबडी मोडली, यंत्र बिथरल्या घोड्यासारखं एक उडी मारून गपगार झालं.

डेल्फीनची गाडी रस्त्यावर येऊन थांबलीच होती.

"संपलं का रे? संध्याकाळी खंडाचं बोलू."

"थुंकतो तुझ्या खंडावर!"

तो यंत्रावरून घसरत खाली आला, सरपटत गोठ्यात गेला आणि आजोबांचा गंजका विळा घेऊन बाहेर आला. पातीत फतकल मारून बसला. मूठ धरायची, कापायची, बूड पुढे सरकवायचं. पँटची मागची बाजू दुपारच्या आतच धारातीर्थी पडली. प्लॅस्टरच्या पायाने मागे असा चर पडला की पुढे त्यात बेडूक झाले म्हणतात.

अख्खं ओबरडॉर्फ रस्त्याला जमलं. उन्हाने लिअँडरचे ओठ फुटले, विळ्याची मूठ लाल झाली. अल्विनला राहवेना. तो कुंपणाची तार उचलून आत शिरू लागला, तशी डेल्फीनने त्याची कॉलर धरली.

"काडीला हात लावशील तर तंगडं मोडीन. दुसऱ्याचा हात लागला की पात बाद."

"अगं, मरेल तो!"

"मरू दे. स्वतःच्या पातीत मरेल."

दिवस टेकला. लिअँडर रस्त्याच्या कडेला पोचला, विळा टाकला आणि कुंपणाच्या खांबाला टेकून धापा टाकू लागला. कोणी टाळी वाजवली नाही. तशी रीत नव्हती.

"मागे, खड्ड्यापाशी चार काड्या राहिल्यात," डेल्फीन म्हणाली.

लिअँडरने मान वळवली. राहिल्या होत्या.

"हडळ," तो म्हणाला, आणि विळा उचलून मागे सरकू लागला. उजेड झपाट्याने जात होता. डेल्फीनने गाडी वळवली आणि दिव्यांचा झोत त्या काड्यांवर धरून ठेवला.