हुरमी शब्दाचा सहावा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे चिठ्ठीताई म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं फारसं चुकलंही नव्हतं. एकतीस वर्षं ती चिठ्ठ्यांमध्येच बसली होती. हाताच्या पंजाएवढा, जाड कागदाचा तुकडा, वर कोपऱ्यात शब्द, मध्ये कुणीतरी कधीतरी लिहिलेलं वाक्य, खाली कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं आणि तारीख. असल्या चिठ्ठ्यांनी गच्च भरलेले लाकडी खण तिच्या खोलीत भिंतभर होते. दमट हवेत खण फुगत आणि उघडताना असे कुरकुरत, की पलीकडच्या खोलीतला टंकलेखक म्हणायचा, "ताई, शब्दांना उठवू नका, झोपू द्या बिचाऱ्यांना."

आता काम 'ह'पर्यंत आलं होतं. 'ह' संपला की कोश संपणार होता, आणि कोश संपला की चिठ्ठीताईची नोकरी. पुढे काय करणार, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "झोपा काढणार." खरं म्हणजे पुढचा विचार आला की ती आणखी एक खण उघडून बसायची. घरी एक खोली, एक ओटा, एक खिडकी आणि दाराला आतून एक कडी, एवढाच तिचा संसार होता.

'ह'मध्ये 'हुरमी' हे विशेषण आलं. हुरम नावाचे लोक अडीच हजार वर्षांपूर्वी डोंगरउतारावर मेंढ्या राखून राहायचे. एका उन्हाळ्यात खालच्या राजानं त्यांना घेरलं आणि सगळं संपलं. त्यांनी स्वतः एक अक्षर लिहून ठेवलं नाही. त्यांच्याबद्दल लिहिलं ते त्यांना मारणाऱ्यांनी, त्यांच्याकडून लोकर घेणाऱ्यांनी आणि पुढे मास्तरलोकांनी. त्यामुळे शब्दाचे जे हाल व्हायचे ते झाले. पहिला अर्थ सरळ, हुरम लोकांचा. दुसरा अर्थ घुमा, कारण पकडलेल्या माणसांनी मार खाल्ला पण तोंड उघडलं नाही. तिसरा अर्थ जाडंभरडं पण टिकाऊ, हा त्यांच्या लोकरीवरून आला. चौथा अर्थ अडाणी, ही एका शाळेच्या पुस्तकाची कृपा. पाचवा अर्थ हिरवट तपकिरी, कारण एका रंगवाल्या कारखान्यानं डब्यावर तसं छापलं होतं. एक अख्खी जमात अडीच हजार वर्षं घरंगळत घरंगळत रंगाच्या डब्यावर येऊन बसली, म्हणून चिठ्ठीताईला हसूही यायचं आणि चीडही यायची.

सहावा अर्थ तिच्या घरचा होता. घरातलं शेवटचं माणूस परत आल्याशिवाय जी घास घेत नाही ती हुरमी. आई डोंगराकडची. बाबांना यायला उशीर झाला की मुलींना वाढायची, स्वतःचं ताट दुसऱ्या ताटानं झाकायची आणि दारासमोर खुर्ची ओढून बसायची. "तुम्ही जेवा गं, मी हुरमी बाई आहे," असं म्हणायची, आणि त्यात तक्रार नसायची, उलट थोडा तोराच असायचा.

कचेरीचा नियम पक्का होता. कुठलाही अर्थ कोशात जायला तीन चिठ्ठ्या हव्यात, तीन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या वाक्यांच्या. कोशात काम करणाऱ्याचं स्वतःचं वाक्य चालत नाही. आणि मागून घेतलेलं वाक्य तर मुळीच चालत नाही. पूर्वी एका सहायकानं आपल्या काकाला एक शब्द विचारला होता. काकानं त्याला खूश करायला एका बैठकीत अकरा अर्थ सांगितले, त्यातले नऊ जागच्या जागी पैदा केलेले. तेव्हापासून माणसानं आपणहून, आपल्या गरजेनं लिहिलेलं असेल तेवढंच खरं धरत. सहाव्या अर्थाच्या चिठ्ठ्या होत्या दोन. एक मावशीच्या जुन्या पत्रातली, एक आईच्या रोजनिशीतली. दोघीही आता नव्हत्या.

मुख्य संपादकांना सगळे पाठीमागे कात्रीसाहेब म्हणत. त्यांनी दोन चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या.

"चिठ्ठीताई, तिसरी कुठाय?"

"येईल साहेब."

"कुठून येईल? आकाशातून?"

"महिनाअखेरपर्यंत थांबा ना."

"थांबतो. पण मागायची नाही हं. आणि स्वतःच्या हातानं तर..."

"एकतीस वर्षांत कधी केलंय का मी तसं?"

"म्हणून तर बोलतोय. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात भलीभली माणसं वेडेपणा करतात."

तिच्या हट्टाला कारण होतं. खणातली सगळ्यात जुनी चिठ्ठी त्या राजाच्या बखरकाराच्या वाक्याची होती. त्यानं लिहिलं होतं: 'संध्याकाळी हे लोक हुरमी बसतात, तेव्हा घेरावे.' विद्वानांनी ती दुसऱ्या अर्थाखाली घातली होती, म्हणजे घुमे बसतात. चिठ्ठीताईला ते कधी पटलंच नाही. गप्प बसलेल्या माणसांना घेरायला संध्याकाळच कशाला हवी? ते लोक जेवण मांडून, रानातून शेवटचा माणूस परत यायची वाट बघत बसत असणार. सगळे एका जागी, सगळ्यांची नजर वाटेकडे. कदाचित त्यांचं नावच त्यावरून पडलं असेल. सहावा अर्थ टिकला तर ती चिठ्ठी तिथे हलवता येणार होती. नाहीतर ते लोक कायमचे घुमेच राहणार होते.

हा शब्द त्या अर्थानं लिहू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, तिची धाकटी बहीण. घरात तिला छोटी म्हणत. दोन दिवसांच्या प्रवासाइतकी ती लांब राहायची. आणि अकरा वर्षांत दोघींनी एकमेकींना एक ओळ लिहिली नव्हती.

भांडण आईच्या शेवटच्या आजारपणातलं. आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी चिठ्ठीताईनं छोटीला फोन केला होता. किरकोळ आहे, धावत येऊ नकोस, मी रोज कळवते, असं सांगितलं होतं. नंतर तिनं कळवलं ते एकदम आई गेल्यावर. छोटी आली, उभ्या उभ्या सगळं उरकलं आणि ताईशी एक शब्द न बोलता परत गेली. धावपळीत राहून गेलं, असं चिठ्ठीताई लोकांना सांगायची. लोकांना ते पटायचं.

रविवारी दुपारी ती पत्र लिहायला बसली. शब्द लिहायचा नाही, विचारायचा नाही, सुचवायचाही नाही. मग लिहायचं काय? तिनं आईच्या खुर्चीबद्दल लिहिलं, खुर्चीच्या एका आखूड पायाखाली घडी करून ठेवलेल्या कागदाबद्दल लिहिलं. गुडघे दुखतात हे लिहिलं. नोकरी संपत आली हे लिहिलं. आणि मग लेखणी आपोआप पुढे गेली: 'मी हल्ली ओट्याशी उभ्यानंच खाते. ताट वाढून बसलं की माझं लक्ष दाराकडे जातं.' हे वाक्य कागदावर उतरेपर्यंत तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. खोडावं असं वाटलं, पण तिनं खोडलं नाही.

पाकिटावर कचेरीचं तिकीट लावावं की स्वतःचं, यावर मात्र ती बराच वेळ अडली. काम तर कोशाचं होतं. शेवटी तिनं स्वतःच्या पैशांनी आणलेलं तिकीट लावलं आणि पेटीत टाकताना स्वतःला बजावलं, हे कामाचंच पत्र आहे.

मग वाट बघणं आलं. रोज संध्याकाळी घरी आली की ती आधी टपालपेटी उघडायची. विजेचं बिल, एकदा चुकून आलेलं शेजाऱ्याचं पत्र, आणि एकदा रंगवाल्या दुकानाचं पत्रक, त्यात हुरमी छटा नव्यानं दाखल म्हणून ठळक अक्षरांत. ते तिनं चारदा फाडलं. वरच्या मजल्यावरचं कुणी जिना चढलं की पावलं आपल्या दाराशी थांबतात का, हे ती ऐकत राहायची. ती कधीच थांबत नसत. कुणी आपलं नाव घेऊन हाक मारल्याला किती वर्षं झाली, हे तिनं एका संध्याकाळी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

सतराव्या दिवशी पत्र आलं. तिनं ते न उघडता पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना उघडलं. एकच पान होतं.

'ताई, पत्र मिळालं. गुडघ्यांना शेक दे, अंगावर काढू नकोस. तू उभ्यानं खातेस हे वाचून वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. तू म्हणालीस रोज कळवते, म्हणून तुझ्या भरवशावर मी नऊ संध्याकाळी फोनपाशी हुरमी बसले, मुलांना वाढलं, ह्यांना वाढलं, माझं ताट झाकलेलं तसंच राहिलं, आणि तुझा फोन आला तो आई गेल्यावर. तेव्हापासून मी कुणासाठी थांबत नाही. भूक लागली की जेवते. तूही बसून जेवत जा. छोटी.'

हुरमी बसले! चिठ्ठीताईचा हात आधी कोऱ्या चिठ्ठीकडे गेला. अडीच हजार वर्षांपूर्वी बखरकारानं लिहिलं होतं तसंच, तेच दोन शब्द शेजारी शेजारी, न मागता, न सुचवता. असा पुरावा एकतीस वर्षांत तिच्या हाती लागला नव्हता. तिनं कोपऱ्यात शब्द लिहिला, वळणदार अक्षरात वाक्य उतरवायला घेतलं, आणि 'नऊ संध्याकाळी' इथे तिचा हात थांबला.

जन्मभर तिनं दुसऱ्यांची वाक्यं उतरवली होती, ती शब्दासाठी. वाक्य म्हणजे शब्द आणून देणारं काहीतरी, असंच तिला सवयीनं वाटायचं. शब्दाला गळ टाकताना सोबत वाक्यही येणार, आणि ते आपल्याबद्दल असणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.  मग डोळे पुसून तिनं वाक्य पुरं केलं. कुणी लिहिलं: धाकटी बहीण. कुणाला: थोरल्या बहिणीस.

कात्रीसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, सोबत जोडलेलं पत्रही वाचलं. त्यांचा चेहरा खुलला.

"कमाल आहे! बखरीतलीच रचना. ती जुनी चिठ्ठी आता इकडे हलवावी लागणार, ताई. पण वाक्य फार लांब आहे. 'मी नऊ संध्याकाळी फोनपाशी हुरमी बसले', एवढं पुरे."

"नाही साहेब. पूर्ण घ्या."

"पुढच्या भागाचा शब्दाशी काय संबंध?"

"झाकलेलं ताट पुढच्याच भागात आहे. आणि शेवटही राहू दे."

साहेबांनी चिठ्ठीवरची 'थोरल्या बहिणीस' ही खालची ओळ वाचली, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच विचारलं, "पण थोरलीनं कळवलं का नाही?"

राहून गेलं, हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. तिनं ते दिलं नाही.

"आई सारखी धाकटीलाच हाक मारायची. थोरलीला वाटलं, फोन केला की ती येईल, आणि मग आईला माझी आठवणही राहणार नाही. दवाखान्याच्या दारातच फोन होता, साहेब. रोज त्याच्यासमोरून जात होते मी."

 साहेबांनी मान्यतेचा शिक्का मारला, आणि मग नेहमीच्या आवाजात, कदाचित तिला सोपं जावं म्हणूनच, विचारलं, "शेरा काय घालू? प्रचलित की लुप्त?"

"प्रचलित."

"आई गेल्या, मावशी गेल्या. आणि ही बाई पत्रात म्हणते, तेव्हापासून थांबत नाही. मग प्रचलित कुणाच्यात?"

 साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "शेऱ्याची जागा रिकामी सोडतो. सोमवारी सांगा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी चिठ्ठीताईनं घरी येऊन स्वयंपाक केला. ओट्याशी उभी न राहता तिनं ताट वाढलं आणि टेबलावर ठेवलं. छोटीनं बसून जेव म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती बसली. घास उचलला, तो तसाच परत ठेवला. मग उठून तिनं दुसरं ताट आणलं, पहिल्यावर पालथं घातलं, आणि खुर्ची ओढून दारासमोर आणली. दाराची कडी काढून ठेवली.

कोश करणाऱ्याचा स्वतःचा पुरावा धरत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. कुणी येणार नाही, हेही ठाऊक होतं. सात वाजले, साडेसात वाजले. जिन्यावर पावलं वाजली आणि वर निघून गेली. तिला भूक लागली होती, आणि ती बसून राहिली.