कारवीपाड्याची सभा माझ्यावर बसली

मित्रांनो, शाळेच्या ओट्यावर निळ्या-लाल पट्ट्यांची एक लांबलचक सतरंजी तुम्ही रोज पाहता. एका कडेला उंदरांनी कुरतडलेली, मध्ये ठिगळ लावलेली. ती मी. माझ्यावर बसून तुम्ही पाढे म्हणता, खिचडी सांडता, पेनाने रेघोट्या ओढता. त्याचा मला राग नाही. पण मी दोन वर्षं पोलीस ठाण्यात अडकून पडले होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म एका कारागृहातल्या हातमागावर झाला. शिक्षा भोगणाऱ्या एका अबोल माणसाने मला विणलं आणि वीण अशी घट्ट ठोकली की माझ्यातून पाणीसुद्धा लवकर झिरपत नसे. ग्रामपंचायतीने मला मनोरच्या बाजारातून उचललं आणि टेम्पोत घालून इथे, कारवीपाड्याला आणलं.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. बाळांना लसी टोचायच्या तर मी, कुणाच्या लग्नात वऱ्हाड बसवायचं तर मी, आणि ग्रामसभा असली की मीच. सभेत म्हातारा चिंतू नेहमी माझ्या कडेला बसायचा, कारण त्याचा एक गुडघा वाकत नसे. दर सभेला तो उठून एकच प्रश्न विचारायचा, "हापशीचा काय झाला?" लोक हसायचे. तोही हसायचा, पण पुढच्या सभेला पुन्हा विचारायचा. एका वर्षी होळीच्या आधी तो वारला. त्याची मुलगी तानी बापाच्या जागी येऊन बसू लागली.

पाड्याच्या मागे जो डोंगर आहे, त्याच्यावरून सगळं सुरू झालं. मोठ्या रस्त्याच्या कामाला खडी हवी होती आणि या डोंगरात चांगला दगड होता. कायदा असा आहे की इथला दगड काढायचा तर आधी गावाच्या सभेने हो म्हटलं पाहिजे. एक दिवस डोंगराच्या पायथ्याशी खुणेचे दगड रोवले गेले. लोकांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमच्या सभेने सव्वीस जानेवारीला ठराव केलाय. आता कसली तक्रार?"

मित्रांनो, त्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटल्या आणि सगळे घरी गेले. सभा झालीच नाही. पाड्यातली निम्मी माणसं तेव्हा वीटभट्ट्यांवर कामाला गेली होती. मला ठाऊक आहे, कारण मी दिवसभर कपाटात घडी घालून पडले होते. पण सतरंजीला साक्ष कोण विचारतो?

तानी सातवी शिकलेली. तिने अर्जावर अर्ज करून त्या ठरावाची नक्कल मिळवली आणि शाळेच्या ओट्यावर, माझ्यावर बसून, शेजारच्या नवसी आजीला एकेक नाव वाचून दाखवू लागली. मध्येच तिचा आवाज थांबला.

"काय गं?" नवसी आजीने विचारलं.

"आजी, बापाचा अंगठा हाय ह्यावर."

"चिंतूचा? त्याला जाऊन वरीस होत आला."

"तेच तर."

मग तानीने कागदाची घडी केली. "आपन खरी सभा घेऊ," ती म्हणाली. "सगल्यांची. मे महिन्यात मानसं कामावरून परत आली का."

त्यानंतर पाड्यात भीती शिरली. शेजारच्या पाड्यातल्या दोघांनी डोंगराबद्दल विचारलं होतं. त्यांना चौकशीला म्हणून नेलं आणि दोन दिवसांनी सोडलं. ते परत आले तेव्हा कुणाशी बोलेनात. आपल्या पाड्यात अकरा जणांना नोटिसा आल्या. जीपमधून आलेला एक माणूस घरोघरी सांगत फिरला की सभेला गेलात तर वनजमिनीचे दावे विसरा. आणि सभेच्या आदल्या दिवशी शाळेच्या दारावर कागद चिकटवला गेला: जमावबंदी. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही.

त्याच दिवशी तानीचा भाऊ देवू आला. तो बोईसरला कारखान्यात होता आणि सरावलीत खोली घेऊन राहायचा. मोटरसायकल शाळेच्या कुंपणाला लावून तो थेट ओट्याकडे आला. तानी मला झटकत होती.

"कारखान्यातला ठेकेदार काय बोलला माहीत हाय? बोलला, अपनी बहन को समझा, नहीं तो कल से गेट पे मत आना. माझी पोरं हायत, ताई."

"मला ठावं हाय."

"मग सोड ना! डोंगर काय आपल्या एकट्याचा हाय?"

तानी मला झटकायची थांबली. "मी तुला बोलावला नाय, देवू. तू उद्या कामावर जा. मी रागावनार नाय. पन बापाच्या नावानं कुनी तरी हो बोलला. मी गप बसले, तर मी बी हो बोलले असा होल."

देवू निघून गेला. मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तानीने आणि नवसी आजीने मला शाळेच्या आवारातल्या मोहाच्या झाडाखाली अंथरलं. समोर रस्त्यावर पोलिसांची एक गाडी आणि दोन जीपा उभ्या होत्या. मी तीस फूट लांब आणि माझ्यावर फक्त दोन बायका. साडेनऊ झाले. कुडाच्या घरांच्या दारांतून माणसं डोकावत होती, पण उंबरा कुणी ओलांडत नव्हतं. एक पोलीस हसून दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. तानीच्या हाताचा घाम मला जाणवत होता.

मग एक बाई तान्हं मूल घेऊन आली. चपला बाहेर काढल्या, बसली. तिच्या मागे तिची सासू. मग तीन पुरुष, एकमेकांकडे न बघता. दहा वाजेपर्यंत मी भरून गेले आणि माणसं माझ्या बाहेर मातीवर बसू लागली.

गाडीतून उतरलेले पोलीस साहेब भोंगा घेऊन पुढे आले. "ही सभा बेकायदा आहे. पाच मिनिटांत उठा, नाहीतर गुन्हे दाखल होतील." त्यांच्यासोबतचा एक जण कॅमेऱ्याने प्रत्येकाचा चेहरा टिपत होता.

कुणी उठलं नाही. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. तानीने आधीच सांगून ठेवलं होतं, शिवी दिली तरी उत्तर द्यायचं नाही, ओढलं तरी हात उचलायचा नाही, नुसतं बसायचं. नवसी आजीला अध्यक्ष केलं. तानी ठराव वाचायला उभी राहिली. दोन ओळी झाल्या असतील, तोच साहेबांनी कागद तिच्या हातातून ओढून घेतला.

तानी क्षणभर रिकाम्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. "सव्वीस जानेवारीला आमची सभा झाली नाय. ठरावावर मेलेल्या मानसाचा अंगठा हाय. आमचा डोंगर फोडायला आमी परवानगी दिली नाय, देनार नाय. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा."

कॅमेरा फिरत होता. जो हात वर जाईल, तो उद्या गुन्ह्यात सापडणार होता. माझ्यावर आणि भोवतीच्या मातीवर मिळून शंभर माणसं बसली होती. आधी नवसी आजीचा हात वर गेला. मग त्या तान्ह्या बाळाच्या आईचा. आणि मग कुंपणाकडून कुणी तरी चालत आलं. बूट काढले, माझ्या कडेला टेकलं आणि हात वर केला. तो देवू होता. कारखान्याचा गणवेश त्याच्या अंगावर तसाच होता.

त्यानंतर हात मोजावे लागले. सत्त्याण्णव.

"उचला," साहेब म्हणाले.

तानी, देवू, नवसी आजी आणि आणखी एकाला उचलून गाडीत घातलं. कुणी प्रतिकार केला नाही. नवसी आजीला धरणारा पोलीस, पुंडलिक त्याचं नाव, हळूच म्हणाला, "आजी, पाय सांभाळा." शेवटी मलाही गुंडाळलं. बेकायदा सभेचा पुरावा म्हणून.

ठाण्यात मला भिंतीशी उभं केलं. समोरच्या टेबलावर तानीपुढे कागद ठेवला होता. "सही कर आणि चौघं घरी जा," साहेब म्हणाले.

"वाचून दाखवा."

पुंडलिकने वाचलं. कागदात लिहिलं होतं की जानेवारीतली सभा रीतसर झाली होती आणि आपण लोकांना भडकवलं, त्याची माफी मागतो.

तानीने नवसी आजीकडे पाहिलं. म्हातारीला दम लागला होता. मला वाटलं, आता ही सही करणार. पण नवसी आजीनेच कागद मागे सरकवला. "मना काय झाला नाय," ती म्हणाली. "बस तू."

चौघांनी नऊ दिवस तुरुंगात काढले. मी मात्र मुद्देमालाच्या खोलीत गेले, चोरीच्या सायकली आणि गंजलेल्या कोयत्यांमध्ये. तिथे ओल होती, उंदीर होते. कुणी बसत नाही तेव्हा सतरंजीचं काय होतं, ते मी तिथे भोगलं.

दोन वर्षांनी मला न्यायालयात नेलं. सरकारी बाजूने गुन्हा सिद्ध करायला सभेत पोलिसांनी काढलेली चित्रफीत दाखवली. आमच्या वकीलबाईंनी ती शांतपणे पूर्ण पाहू दिली. मग त्या न्यायाधीशांना एवढंच म्हणाल्या, "साहेब, यात एकही दगड नाही, शिवी नाही. मोजून सत्त्याण्णव हात आहेत. जानेवारीच्या सभेचा एक तरी फोटो असेल तर दाखवावा." फोटो नव्हता. उरलेले तिघं निर्दोष सुटले. पुढे त्याच चित्रफितीच्या आणि मेलेल्या चिंतूच्या अंगठ्याच्या आधारे तो खोटा ठरावही रद्द झाला. डोंगर अजून उभा आहे. खुणेचे दगड मात्र कुणी काढून नेलेले नाहीत.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. देवूला बोईसरला पुन्हा काम मिळालं नाही. तो आता मनोरला एका गॅरेजमध्ये राबतो. नवसी आजी निकाल ऐकायला जिवंत राहिली नाही. आणि माझी एक कड गेली ती गेलीच.

मला सोडवून आणल्यावर तानीने ओढ्यावर धुतलं आणि ठिगळ लावताना मुलांना म्हणाली, "हिला कपाटात ठेवू नका रे."

मित्रांनो, तेवढंच माझंही मागणं आहे. मला जपायचं म्हणून घडी घालून ठेवू नका. कुणी भीती घातली तरी, कामाचा दिवस असला तरी, मोठे झालात की सभेला या. उशीर झाला तरी या. चपला बाहेर काढा आणि उभे राहू नका. लोक सरकून जागा करतात.