पाहुणे फक्त चहा घेतील

हयातभर मी शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं जुळवली. भूगोल कोणाच्या लक्षात राहिला नाही. लग्नं मात्र राहिली, कारण भांडण झालं की नवराबायको दोघंही माझंच नाव घेत. आता त्याच जोडप्यांचे आईबाप थकले आहेत. पूर्वी फोन यायचा की काकाजी, एखादी चांगली पोरगी सांगा. आता येतो की एखादा चांगला वृद्धाश्रम सांगा. काम तेच आहे. तेव्हा विचारत, मुलगी शांत आहे ना. आता विचारतात, दवाखाना जवळ आहे ना. आपल्यातलं कोणी आहे का तिथे, हे दोन्ही वेळेला विचारतात, आता जरा हळू आवाजात. आणि घरच्यासारखं वातावरण सगळ्यांनाच हवं असतं, ज्यांच्या घरचं वातावरण मला ठाऊक आहे त्यांनासुद्धा.

धर्मेंद्रचं आणि छायाचं लग्न मीच जुळवलेलं. दोघंही हिंगणघाटला नोकरीला. समुद्रपूरपासून थोड्या आत असलेल्या त्यांच्या गावातून सकाळच्या एसटीने निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं. दिवसभर घरात आणि वांग्याच्या वाडीत एकटे अण्णाजी, धर्मेंद्रचे वडील. या पावसाळ्यात अण्णाजींनी गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं आणि ते वाडीत निघून गेले. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. मग एके दिवशी ते वांग्यांची टोपली घेऊन एसटी स्टँडवर बसलेले सापडले. बाजाराला निघाले होते. त्या दिवशी बाजारच नव्हता. छायाने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता, आणि ती काही नाटकी बाई नाही. मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेतलं मंजुषाताईंचं घर सुचवलं. पूर्वी नर्स होत्या, माणसं मोजकी ठेवतात, जेवण गरम असतं. मी स्वतः जेवून आलो होतो.

ठरलेल्या सकाळी धर्मेंद्रची गाडी माझ्या दारात आली, तर मागच्या सीटवर अण्णाजी कडक इस्त्रीच्या धोतरात, नवी टोपी घालून, नवरदेवाच्या बापासारखे बसलेले, शेजारी छाया. मी धर्मेंद्रकडे पाहिलं. त्याने मला गाडीमागे नेलं आणि खाली मान घालून सांगितलं की बाबांना वृद्धाश्रमाचं सांगितलेलं नाही. नीरजसाठी मुलगी पाहायला चाललो आहोत असं सांगितलं आहे.

नीरज म्हणजे त्याचा मुलगा, पुण्याला कंपनीत. आपलं लग्न निघालं आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या खेपेला मोठी माणसंच जातात ही आमच्याकडची रीत, त्यामुळे नवरदेव नसण्याची अडचण नव्हती. कपड्यांची बॅग डिकीत होती. अण्णाजींना आजच तिथे ठेवून यायचं होतं.

मी म्हटलं, हे बरोबर नाही.

"खरं सांगितलं तर ते गाडीतच नाई बसत, काकाजी. एकदा राह्यले की रमतील."

हे वाक्य मी कित्येक मांडवांत ऐकलं होतं, नव्या नवरीबद्दल. उतरून घरी जावं असं मनात आलं. पण मी नसलो तर अण्णाजींच्या बाजूने त्या गाडीत कोणीच नसेल, अशी स्वतःची समजूत घालून मी पुढे बसलो.

धर्मेंद्रने एका गोष्टीचा विचार केला नव्हता. मुलीचं घर पाहण्यात आमच्या भागात अण्णाजींचा हात धरणारं कोणी नाही. लोक गाडी पाठवून त्यांना न्यायचे. अण्णाजी बैठकीत बसायचेच नाहीत. सरळ मागच्या दाराने आत जायचे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट कुठे आहे ते पाहायचे. स्वयंपाकघराजवळ असली तर घर चांगलं. गोठ्याजवळ असली तर उठायचं. घर पसंत पडलं तर ते पानावर बसत, नाही पडलं तर म्हणत, "पाहुणे फक्त चहा घेतील." हे वाक्य ऐकलं की आतल्या बायका रडायला लागत. अशा माणसाला खोटं घर दाखवायला आम्ही निघालो होतो.

जामच्या चौकापर्यंत बरं चाललं. मग अण्णाजींनी विचारलं, "पोरीचं नाव काय?"

"आचल," धर्मेंद्र म्हणाला. त्याच क्षणी छाया म्हणाली, "रोशनी."

अण्णाजींनी आधी मुलाकडे, मग सुनेकडे पाहिलं.

"दोघी बहिणी हायेत, मामाजी," छायाने सासऱ्यांपुढे सावरलं.

"मंग आपली कोणती?"

मी म्हटलं, ते पाहूनच ठरवायचं. अण्णाजींना ते पटलं. पुढे मग ते बाप काय करतो, शेती ओलिताची आहे का, मामेकूळ कुठलं, असं विचारत राहिले आणि धर्मेंद्र उत्तरं देत राहिला. वर्धा येईपर्यंत त्याने एक अख्खं कुटुंब उभं केलं होतं, विहिरीसकट. एसी चालू असूनही त्याची मान घामाने निथळत होती.

बोरगाव मेघेतल्या त्या दुमजली घरावर 'स्नेहांगण' एवढंच लिहिलेलं. व्हरांड्यात खुर्च्यांच्या रांगेत म्हातारी माणसं बसली होती, सगळी फाटकाकडे तोंड करून. गाडी थांबताच सगळ्या माना एकदम वर झाल्या, आणि आपलं कोणी नाही हे पाहून एकेक करून खाली गेल्या. अण्णाजी मात्र खूश.

"एकत्र कुटुंब दिसते," ते माझ्या कानात म्हणाले. सगळ्यांना रामराम घातला आणि रिवाजाप्रमाणे मागच्या दाराकडे निघून गेले.

मंजुषाताई हसत बाहेर आल्या. आजोबांची खोली तयार आहे, असं काहीतरी त्या म्हणणार तोच मी त्यांना बाजूला घेतलं आणि कशासाठी आलो आहोत हे सांगितलं, म्हणजे अण्णाजींच्या समजुतीप्रमाणे. त्यांचं हसू गेलं. त्यांनी धर्मेंद्रला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आत छायाही होती आणि मीही.

"फोनवर तुम्ही म्हणालात, वडील तयार आहेत."

तयार होतील, असं धर्मेंद्र म्हणाला.

"पानं वाढायच्या आत तुम्ही त्यांना सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगीन. फसवून आणलेलं माणूस मी ठेवत नाही. ते जेवत नाही, झोपत नाही. नुसतं फाटकाकडे पाहत बसतं."

धर्मेंद्र उठला, पुन्हा बसला. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. एरवी मला तो वास आवडतो. छाया म्हणाली, मी सांगते. धर्मेंद्र म्हणाला, तू नको, तुझ्यावर येईल. मग दोघं माझ्याकडे पाहू लागले. लग्न जुळवणाऱ्याकडे लोक नेहमीच असं पाहतात. मी खिडकीतून मागच्या अंगणात पाहू लागलो.

तिथे अण्णाजींचं काम सुरू होतं. खोल्यांच्या दारांतून डोकावून झालं होतं. खाटा स्वयंपाकघराला लागूनच होत्या. त्यांनी समाधानाने मान हलवली. आंघोळीच्या खोलीतला नळ सोडून पाहिला. मग मेथी निवडत बसलेल्या एका आजीबाईंजवळ, गोपिकाबाई त्यांचं नाव, ते उकिडवे बसले. खिडकी उघडी होती. सगळं ऐकू येत होतं.

"घर चांगलं हाये," अण्णाजी म्हणाले. "पण लेकरू काऊन नाई एकही घरात?"

"लेकरं हायेत की. पुण्याले हायेत, नागपूरले हायेत. माह्यावाला त कॅनडात हाये."

"अन् पोरगी कुठं हाये? आमी नातवासाठी पोरगी पाह्याले आलो."

गोपिकाबाईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. त्यांनी अण्णाजींची नवी टोपी पाहिली, धोतराची इस्त्री पाहिली.

"भाऊ, तुमची थैली कुठं हाये?"

"कायची थैली?"

"कपड्याची. इथं येनाऱ्या सगळ्यायची एक थैली असते."

गोपिकाबाईंनी पुन्हा मेथी निवडायला घेतली. थोड्या वेळाने अण्णाजी गुडघ्यावर हात ठेवून उठले. ते घराला वळसा घालून पुढे येत होते. ऑफिसातले आम्ही तिघंही उठलो, वर्गात साहेब आल्यासारखे.

"धर्मेंद्र, डिकी उघड," ते व्हरांड्यातून म्हणाले. "भाजी काढाची राह्यली. सांबार सुकते."

कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. कोणाच्याही घरी जाताना ते वाडीतली भाजी नेत. सकाळी टोपली धर्मेंद्रने त्यांच्या हातातून घाईघाईने घेऊन स्वतः डिकीत ठेवली होती. आता तो किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"मी आणतो, बाबा."

"उघड."

डिकी उघडली. वांगी आणि कोथिंबिरीच्या टोपलीमागे बॅग होती, आणि चेन लागली नाही म्हणून तिच्यातून त्यांची उशी बाहेर आलेली होती. निळ्या चौकड्यांचा अभ्रा. अण्णाजींनी त्या अभ्र्यावरून एकदा बोट फिरवलं. मग टोपली उचलली आणि आत चालू लागले. धर्मेंद्र टोपली घ्यायला पुढे झाला तर त्यांनी ती दुसऱ्या काखेत घेतली.

आत पानं वाढून झाली होती. भाकरी, वरण, भरलं वांगं. व्हरांड्यातली माणसं येऊन बसली होती. एक पान रिकामं होतं, गोपिकाबाईंच्या शेजारचं. मंजुषाताईंनी धर्मेंद्रकडे पाहिलं. तो हातातली किल्ली फिरवत राहिला. छायाने पदर तोंडाला लावला होता. मी भूगोलाचा मास्तर, मला त्या क्षणी फक्त दार कुठल्या दिशेला आहे एवढंच कळत होतं.

मंजुषाताई स्वतःच पुढे झाल्या. "आजोबा, मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

"राहू द्या, बाई," अण्णाजी म्हणाले. टोपली त्यांच्यापुढे ठेवली. "घरचे वांगे हायेत. सांबार जरासा सुकला." मग ते पानाकडे न जाता भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले.

"पाहुणे फक्त चहा घेतील."

छाया स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं रडणं ऐकू आलं. रिवाजाप्रमाणे मुलीकडच्या बायका रडतात. या वेळी रडणारी आमच्या गाडीतून आली होती, एवढाच फरक.

चहा आला. अण्णाजींनी तो बशीत ओतून, फुंकून, सावकाश घेतला. जेवणारी माणसं जेवायची थांबली होती. बशी खाली ठेवून ते मुलाकडे वळले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती.

"छायाले आपन पाह्याले गेलतो, तवा तिले ठाऊक होतं का, आपल्याले पाह्याले आले म्हनून?"

"होतं," धर्मेंद्र म्हणाला.

"कोनं सांगतलं होतं तिले?"

"तिच्या बाबानं सांगतलं असन."

"मले कोनं सांगतलं?"

अण्णाजी उठले, टोपी नीट केली आणि मंजुषाताईंना हात जोडले.

"घर चांगलं हाये तुमचं. आमी घरी जाऊन कळवतो."

ही रीत आहे, आणि रीतीपुढे कोणाचं चालत नाही. होकार असो, नकार असो, जागेवर कोणी सांगत नाही. बॅग आली तशी परत गेली. परतताना जामच्या चौकात अण्णाजी म्हणाले की विहिरीचं तेवढं खरं वाटलं होतं.

मला वाटलं प्रकरण संपलं, आणि काळजीही वाटली, कारण गॅसची शेगडी काही कुठे गेली नव्हती. पुढच्या आठवड्यात अण्णाजींचा स्वतःचा फोन आला.

"रूपराव, गॅस मीच चालू ठेवलता. अन् त्या दिवशी बाजार नव्हता. मले समजते थोडं थोडं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दिवसभर घरात एकटं राह्याची मले बी भीती वाटते. पण एकच घर पाहून कोनी सोयरीक करते का?"

मग आम्ही घरं पाहिली. दर रविवारी धर्मेंद्र गाडी काढायचा, अण्णाजी मागे बसायचे आणि मी पुढे. कुठे जायचं ते अण्णाजी सांगायचे. एका ठिकाणी खाटांना नंबर टाकलेले होते, तिथे चहा. एका ठिकाणी मालक स्वतःच्या नव्या लिफ्टबद्दलच बोलत राहिला आणि एकाही म्हाताऱ्याचं नाव त्याला सांगता आलं नाही, तिथेही चहा. एका ठिकाणी भर दुपारी सगळी माणसं गोळ्या दिल्यासारखी गाढ झोपलेली होती आणि हाका मारूनही कोणी जागं होईना. तिथे अण्णाजींनी चहासुद्धा घेतला नाही, गाडीत बसेपर्यंत माझा दंड घट्ट धरून ठेवला. त्या दिवशी धर्मेंद्रने परतताना गाडी बाजूला थांबवली आणि बराच वेळ स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसला. अण्णाजींनी त्याला थांबू दिलं.

शेवटी पुन्हा बोरगाव मेघे. या खेपेला बॅग डिकीत नव्हती. अण्णाजींनी ती स्वतः भरली होती आणि शेजारी सीटवर ठेवली होती, उशी मांडीवर. छाया दुसऱ्या बाजूला बसून पूर्ण रस्ता त्यांची औषधं कधी कोणती ते सांगत होती, आणि ते ऐकत होते.

व्हरांड्यातून गोपिकाबाईंनी पाहिलं. "आली का थैली?"

"आली," अण्णाजी म्हणाले.

पानं वाढली. अण्णाजी गोपिकाबाईंच्या शेजारी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि भाकरी मोडली. मंजुषाताईंनी आम्हा तिघांसाठीही ताटं आणायला सांगितली. अण्णाजींनी घास चावून संपवला आणि बोट दाखवत म्हणाले, "रूपरावले वाढा. सूनबाईले वाढा."

मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"धर्मेंद्र फक्त चहा घेईन."

चहा आला. धर्मेंद्रने कप घेतला, दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि आम्ही जेवून उठेपर्यंत तो तोच चहा चमच्याने ढवळत राहिला.