आवारातलं खत

माझ्या गांजाची पानं बोकडली, तेव्हा ज्याला त्याला वैद्यकी सुचली. शेजारची मामजोला कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "नजर लागलीय, नोखाया. फार कौतुक करत होतीस त्यांचं."

"कुणापुढे केलं? माझ्याकडे येतंय कोण?"

"माझ्यापुढे केलंस की."

"मग नजर तुझीच," मी म्हणाले. ती हसली आणि चहा न पिताच गेली. हल्ली सगळे तसेच जातात.

माझा मुलगा लुंगिसा जोहान्सबर्गला असतो. त्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, पाणी जास्त होतंय. ज्याने जन्मात कधी झारी धरली नाही त्याचं हे निदान. तरी मी पाणी तोडलं. माती भेगाळली आणि पानं होती तशीच मुरडत राहिली. दुकानदार म्हणाला, कोळी-कीड पडली असेल, साबणाचं पाणी मार. एकेक पान उन्हात उलटं करून पाहिलं, ना जाळं ना काही हलताना दिसलं. खालची जुनी पानं तर ठणठणीत होती. शेंड्याला येणारं नवं पान तेवढं उलगडायला तयार नव्हतं. कडा आत वळलेल्या, बोटं सुतळीसारखी बारीक, आणि कोवळं खोड पिळलेलं.

एरवी मी दुसरं काही लावून मोकळी झाले असते. पण हे बी ह्यांचं होतं. ह्यांना ते वडिलांकडून आलेलं, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून. आमच्या डोंगरावरच हे वाण टिकलं. हे गेल्यापासून बी डब्यात पडून होतं. जुनं होत चाललेलं, म्हणून यंदा मी होतं नव्हतं ते सगळं पेरलं. ही रोपं फुलून बियांवर आली नाहीत तर ह्यांचं बी संपलं. मग ह्या घरात ह्यांचं म्हणून वाढणारं काही उरणार नव्हतं. मुलगा आहे, पण तो तिकडे वाढला.

पहिल्यांदा मला वाटलं, पुन्हा आकाशातून विष मारलं. पूर्वी गांजा लावणं गुन्हा होता तेव्हा पोलिसांची हेलिकॉप्टरं डोंगरावर फवारून जायची. हे मुठी उगारून शिव्या घालत आणि मी भोपळ्यांवर गोधड्या टाकत धावायचे. पण तेव्हा गवतासकट सगळं पिवळं पडून मरायचं. आता बांधावरचं गवत हिरवंगार होतं आणि आपलं कुणी ऐकत नाही म्हणून मीच आकाशाकडे बघून शिव्या घालत होते.

खरं काय ते घेवड्याने सांगितलं. स्वयंपाकघरामागे मी घेवडा आणि मका एकाच वाफ्यात लावला होता. एका सकाळी शेंगा आल्या का बघायला गेले तर घेवडा तसाच मुरडलेला. अगदी तसाच, सुतळ्या झालेला. आणि त्याला खेटून उभा असलेला मका मात्र माजल्यासारखा वाढलेला. दाराजवळच्या घेवड्याला काही झालं नव्हतं. मी तिथेच मातीत बसले. म्हणजे विषच, पण गवताला सोडणारं आणि रुंद पानाला धरणारं. मका म्हणजे शेवटी गवतच. आणि मुरडलेल्या सगळ्यांच्या बुडात एकच गोष्ट होती, मामजोलाकडून आणलेलं शेणखत. दाराजवळच्या घेवड्यापर्यंत पोहोचायच्या आत ते संपलं होतं.

मी तशीच तिच्याकडे गेले. "हिवाळ्यात तुझ्या गुरांनी काय खाल्लं?"

"दुष्काळात काय खाणार? पोराने डोंगरापलीकडच्या मोठ्या फार्मवरून गवताचे गठ्ठे आणले."

"त्या गवतात तण होतं?"

"एक काडी नाही. स्वच्छ." ती आपल्या टोमॅटोंकडे वळली. "तिकडे तण मारायला फवारतात म्हणे. अगं, पण गाईच्या पोटातून गेल्यावरही राहतं होय? तरीच माझे टोमॅटो..."

"मग नजर नव्हती तर."

"असू दे गं," ती म्हणाली. "टोमॅटोंचा आळ मी तुझ्या नजरेवर घेतला होता."

रोपं उपटून, मुळं झटकून, चांगल्या मातीत आणि चांगल्या खतात लावली तर काही वाचली असती. चांगलं खत मला घरातून दिसत होतं. आमच्या गुरांच्या आवारात ते गुडघाभर साचलेलं आहे, जुनं, वाळून चहापत्तीसारखं झालेलं. शेवटचा बैल ह्यांच्या दिवसकार्याला कापला, बाकीची गुरं लुंगिसाने विकली. पण आमच्यात सून सासरच्या आवारात पाय ठेवत नाही. ते सासरच्या पुरुषांचं, जिवंत आणि मेलेल्यांचं. हे होते तोवर खत हेच बाहेर आणून द्यायचे. म्हातारपणी सुनेला मोकळीक देतात, पण ती सासरच्या वडीलधाऱ्यांनी द्यायची असते. माझी सासू न देताच गेली. म्हणूनच तर मी शेजारणीचं विष डोक्यावर वाहून आणलं.

लुंगिसाला फोन केला. "येऊन दोन पोती भरून दे रे."

"ख्रिसमसला येतो ना, आई."

"तोवर मरतील ती."

"मग तूच जा की आत. आता कोण बघतंय?"

तो चांगल्या मनानेच बोलला. मी फोन ठेवला आणि खूप रडले.

संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधला, उन्हाळा असूनही सुनेने घ्यावी तशी खांद्यावर शाल घेतली, चपला काढल्या. फाटकापाशी गेलेल्या सासऱ्यांना उद्देशून बोलले. त्यांचं नाव मी आजही घेत नाही. "तुमचंच बी आहे. तुमच्या मुलाला बाहेर येता येत नाही, म्हणून मी आत येते."

थांबले. लग्न होऊन आले तेव्हा एकदा चुकून ह्या कुंपणाजवळून गेले होते, तर सासू अशी ओरडली की गुरं बिथरली. त्या आवाजाची मी वाट पाहिली. रस्त्याने मामजोला चालली होती. तिने मला फाटकात पाहिलं, हात हलवला आणि निघून गेली.

आत गेले. वरच्या कडेला ह्यांची माती आहे. ह्यांना पुरलं तेव्हा मी कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. जवळून ती इतकी छोटी असेल असं वाटलं नव्हतं. दगडांवरची धूळ पदराने पुसावी तशी शालीने पुसली, मग खत भरलं.

काही रोपं गेली. उरलेल्यांनी बरेच दिवस रुसून घेतलं आणि मग एका सकाळी शेंड्याला पान आलं, सपाट, सगळी बोटं पसरलेलं. कुणाला सांगू असं झालं. लुंगिसाचा फोन लागला नाही. मी पान मोजूनमापून पाहिलं, शाल घेतली, आणि आवारात जाऊन ह्यांना सांगितलं.

आता रोज जाते, खत नको असलं तरी. फाटकापाशी अजून थांबते, कुणी ओरडतं का बघते. ओरडलं असतं तर मी मुकाट्याने मागे फिरले असते, आणि मला फार बरं वाटलं असतं.