स्लोनमधला मुका ई

कॉपरहेड ओढ्याच्या अलीकडे राहत ते स्लोन, आणि पलीकडे राहत तेही स्लोनच. फरक इतकाच, की अलीकडचे आपल्या नावाच्या शेवटी एक ई लिहीत आणि पलीकडचे लिहीत नसत. हा ई बोलताना तोंडातून निघत नाही, कानालाही ऐकू येत नाही. पण या मुक्या अक्षरापायी केंटकीच्या त्या खोऱ्यात एवढे मुडदे पडले, की गिधाडं उडायची विसरली. चालत यायची जेवायला.

भांडणाचं मूळ थडग्यात होतं. मूळपुरुष वारला तेव्हा त्याच्यासाठी आणलेला दगड अरुंद निघाला. पाथरवटाने नाव कोरत आणलं, आणि शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही. "बापाचं नाव तोडलं!" म्हणत थोरल्याने फावडं उचललं. "मुकं अक्षर ते, गेलं तर गेलं," म्हणत धाकट्याने कुदळ. बाप खड्ड्यात उतरायच्या आधीच त्यात दुसरे दोघं उतरले होते.

तेव्हापासून खोऱ्यात ईवाले आणि बिनईवाले.

ऑर्लीनाचं दुर्दैव असं, की तिचा बाप बिनईवाला आणि आई ईवाली. दोघांनी पळून जाऊन लग्न केलं. पोर रांगू लागली तेव्हा गिरणीच्या वाटेवर दोघांनाही गोळ्या लागल्या. बापाला ईवाल्यांची, आईला बिनईवाल्यांची. मग ती थोडे दिवस बापाचा बाप जुबल याच्याकडे, थोडे दिवस आईचा बाप थर्मन याच्याकडे अशी वाढली. दोन्ही म्हाताऱ्यांचा तिच्यावर जीव होता. दोघांनी तिला मक्याची भाकरी भाजायला आणि उडती खार टिपायला शिकवलं. पुढे तिने डोंगरापलीकडचा अ‍ॅम्ब्रोज टॅकेट केला. त्याच्या नावात भांडण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच केला, असं लोक म्हणत.

आणि तिला मुलगी झाली.

त्या डोंगरातली रीत अशी, की पहिलं मूल मुलगा असो की मुलगी, त्याला आईचं माहेरचं आडनाव हेच नाव म्हणून द्यायचं, आणि ते तापल्या सळईने पाळण्याच्या फळीवर डागायचं. डागलं की मूल त्या घराण्याचं. नावात ई असेल, तर बंदूक पेलण्याच्या वयात ते थर्मनच्या बाजूने मरायचं. नसेल, तर जुबलच्या. ऑर्लीनाचं माहेर म्हणजे बापाचं घर, म्हणून ई नको, असं जुबल म्हणे; ती माझ्याही घरी वाढली, म्हणून ई हवाच, असं थर्मन म्हणे.

"डेझी ठेवू या ना," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "किती छान नाव आहे."

"ठेव की. दोघंही आजोबा तुलाच मारतील. पहिल्यांदा एकमत होईल त्यांचं."

"मग काय लिहिणार आहेस तू?"

"माझी पोर मरणार नाही असं काहीतरी," ऑर्लीना म्हणाली आणि तिने सळई चुलीत सारली.

रविवारी दुपारी नाव डागायचं म्हणून दोन्हीकडच्या स्लोनांनी अंगण भरलं. जेवण व्हायच्या आतच एका बिनईवाल्याने एका ईवाल्याला विचारलं, "काय रे, नावाचं शेपूट घरी ठेवून आलास की विजारीत आहे?" ईवाल्याने उत्तरादाखल त्याचा कान चावून तोडला. दुसऱ्याने खारीच्या रश्श्याची हंडी तिसऱ्याच्या डोक्यात घातली. एवढे दात सांडले, की कोंबड्या ते मक्याचे दाणे समजून टिपू लागल्या.

"बस करा!" ऑर्लीना ओरडली. लाल सळई हातात होती. दाराआड अ‍ॅम्ब्रोज पोरीला छातीशी धरून उभा होता.

तिने रिकामा पाळणा ओसरीवर ओढला आणि डागायला लागली. एस. एल. ओ. ए. एन. एकेक अक्षर धूर सोडत उमटलं. मग अंगणाकडे पाठ करून ती वाकली. पुन्हा जरासा धूर निघाला, की आधीचाच रेंगाळत होता, कुणी सांगावं? वळली तेव्हा तिचा डावा तळवा नावाच्या शेवटी फळीवर गच्च दाबलेला होता. कातडं चरचरत होतं.

"हात काढ, पोरी," जुबल म्हणाला.

"नाही काढणार, आजोबा."

"खाली ई आहे, होय ना? त्या थेरड्याचा?"

"असता तर लपवला असता का तिने?" थर्मन गरजला. "गाळलाय माझा ई! तुझ्यासाठी गाळलाय!"

"ज्याला वाचायचंय त्याने माझ्या हातातून आरपार वाचावं," ऑर्लीना म्हणाली.

आपल्याला नाही तर त्यालाही नको, हा विचार दोन्ही टकलांत एकाच क्षणी शिरला. दोन बंदुका एकदमच उडाल्या. गोळ्या तळव्यातून गेल्या, फळीतून गेल्या, मागच्या कोंबड्याला घेऊन गेल्या. आणि भोक मात्र एकच पडलं.

ऑर्लीनाने हात वर धरला. कोपरावरून रक्त ओघळत होतं. त्या भोकातून तिने आधी एका आजोबांकडे पाहिलं, मग दुसऱ्यांकडे.

"स्लोनच्या लेकीचं रक्त सांडलंय. घ्या सूड. थर्मनआजोबा, तुमच्या माणसांना सांगा, जुबलआजोबांना मारा. आणि मग तुम्हालाही मारा. जुबलआजोबा, तुमचंही तेच."

अंगणात सगळे बोटं मोजत हिशेब करू लागले. बिनईवाल्यांतला एक मठ्ठ पुतण्या नियमाला पक्का. त्याने खरंच आपल्या जुबलकाकाच्या मांडीत गोळी घातली. ते पाहून एका ईवाल्याने थर्मनच्या खांद्यात घातली. नियम म्हणजे नियम! मग मात्र प्रत्येक जण आपल्याच भावाच्या बंदुकीकडे टकमक बघू लागला, आणि एकेक करून बंदुका खाली गेल्या. दोघं म्हातारे एकाच बाकावर कण्हत बसले. बाक एकच होता.

"तुझा नेम वाईट नव्हता," थर्मन पुटपुटला.

"तुझाच वाकडा गेला आणि माझ्या भोकात पडला," जुबल म्हणाला.

संध्याकाळी अंगण रिकामं झाल्यावर अ‍ॅम्ब्रोजने पाळण्याच्या भोकात बोट घालून पाहिलं. "खरं सांग, इथे ई होता का?"

"पोरीला हाक मार."

"स्लोन!"

"ऐकू आला?"

"नाही."

"मग पाळणा हलव," ऑर्लीना म्हणाली. "माझा हात दुखतोय."